सीएमएम आलं म्हणून लाइनवरचे बोअर गेज काढून घ्यावेत का?

नाइट_सेटर:
चाकणला अ‍ॅल्युमिनियमच्या गिअर हाउसिंगचं मशिनिंग करतो आम्ही. मागच्या वर्षी कंपनीत सीएमएम, म्हणजे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन आलं. ग्रॅनाइटचं टेबल, टोकाला माणकाची गोळी लावलेला प्रोब, जॉबला टेकत टेकत तिन्ही अक्षांतली मापं घेतो. मशीन उत्तम आहे. पण ते आल्याबरोबर लाइनवरचे बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं सुईचं साधन) आणि ते ज्यावर सेट करतो त्या सेटिंग रिंगा जमा करून घेतल्या. आता पहिला पीस आणि पुढे दर पन्नासावा पीस स्टँडर्ड रूमला (सीएमएम आहे त्या मोजमापाच्या खोलीत) पाठवायचा आणि रिपोर्टची वाट बघायची.

परवा नाइटला इन्सर्टची (कापणाऱ्या टोकाची) कड उडाली. पीस रांगेत पाऊण तास पडून, मशीन इकडे चालूच. रिपोर्ट आला तोवर ४१ हाउसिंग भंगारात. हातात बोअर गेज असता तर दुसऱ्याच पीसला सुई बोलली असती. माझं ठाम मत आहे, मोजायचं साधन मशीन चालवणाऱ्याच्या हातातून काढून घेणं चूक आहे. कितीही महाग यंत्र आणा.

स्टँडर्ड_रूम:
दादा, ४१ पीस गेले हे वाईटच झालं, पण तो रांगेचा दोष आहे. गेज परत मागताय तर त्याचाही हिशोब बघा. तुमचं बोअर ६२ एमएमचं धरू, ६२०६ बेअरिंग बसतं तसं, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग). माप नेहमी २० अंशांचं धरायचं असतं. जॉब वॉशिंगमधून निघाला ३८ अंशांवर, तुमची स्टीलची रिंग शॉपमध्ये ३० अंशांवर. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट फुगतं. गणित केलं तर गेज १८ मायक्रॉनने मोठं माप सांगेल. निम्म्याहून जास्त टॉलरन्स नुसत्या उष्णतेत गेला! लाइनवर ओके झालेला पीस माझ्याकडे थंड होऊन आला की अंडरसाइज निघतो, आणि मग ‘क्वालिटीवाले अडवतात’ अशी ओरड होते.

दुसरं त्याहून मोठं. पातळ भिंतीचं हाउसिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळता. बोअर होतं गोलच, पण जबडे सोडले की तीन ठिकाणी फुगतं. बोअर गेज दोनच बिंदूंवर मोजतो. एका टोकाला फुगवटा तर बरोबर समोर खोलगट, त्यामुळे कसाही फिरवा, डायमीटर तोच. गेज म्हणतो झकास, बेअरिंग तिथे कुरकुर करतं.

शिरोली_एमआयडीसी:
आमच्यासारख्या लहान शॉपला सीएमएम परवडत नाही, बाहेर जॉब पाठवून रिपोर्ट आणतो. तरी मी स्टँडर्ड रूमच्या मॅडमच्या बाजूने. आठ होलांचं पोझिशन डेटमपासून (ड्रॉइंगवर ठरवलेल्या संदर्भ-पृष्ठापासून) मोजायचं तर व्हर्नियर घेऊन काय करणार सांगा राव? एकदा नुसत्या होलांत पिना घालून बघण्यावर भागवलं आणि अख्खा लॉट गिऱ्हाइकाच्या असेंब्लीवरनं परत आला. ट्रकभाडंही आमच्याच डोक्यावर.

नाइट_सेटर:
पोझिशनसाठी सीएमएमच लागतं, त्यात वाद नाही. मी बोअरबद्दल बोलतोय. मॅडम, वॉशिंगनंतरच्या गरम जॉबचा मुद्दा मान्य, आमच्याकडे जॉब गार व्हायची वाट कुणी बघत नाही. पण तीन फुगवट्यांचं म्हणाल तर तुमच्या रिपोर्टमध्ये तरी ते कुठे दिसलं? आमच्या प्रोग्राममध्ये त्या बोअरवर चार पॉइंट घेतात.

रिटायर्ड_क्यूए:
नेमकं बोललात. समान अंतरावर चार पॉइंट घेतले तर असलं बोअर सीएमएमला पूर्ण गोल दिसतं, फक्त केंद्र सरकलेलं दिसतं. फुगवटा १० मायक्रॉनचा आणि पहिला पॉइंट बरोबर त्याच्यावर पडला, तर केंद्र १० मायक्रॉन सरकलं असं रिपोर्ट सांगणार. मग लोक पोझिशन सुधारायला फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी जोडणी) हलवत बसतात! हे मी स्वतः दोन दिवस केलंय.

हबल दुर्बीण आठवा. १९९० मध्ये अवकाशात गेल्यावर कळलं की मुख्य आरसा कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेलाय. आरसा ज्या अचूक उपकरणाने तपासला, त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसवलेलं. कमी अचूक समजल्या गेलेल्या दुसऱ्या उपकरणांनी दोष दाखवला होता. तो बाजूला ठेवला, कारण भारी यंत्र वेगळं सांगत होतं.

स्टँडर्ड_रूम:
सर, चार पॉइंटचा प्रोग्राम ही लिहिणाऱ्याची चूक, यंत्राची नव्हे. मी त्या बोअरला स्कॅन लावीन, नाहीतर निदान पंधरा-वीस पॉइंट. आणि हबलवरून मी एवढंच घेईन की दोन मापं जुळत नसतील तर काम थांबवा. दोन बिंदूंचा गेज त्याने खरा ठरत नाही.

नाइट_सेटर:
पण चूक लिहिणाऱ्याची झाली ती का? आमच्याकडे प्रोग्राम लिहिणाऱ्याने चक पाहिलेलाच नाही. जबडे कुठे आवळतात, हे मला माहीत. मला कुणी विचारलं नाही, कारण मोजणं हे आता माझं कामच राहिलं नाही. माझा राग गेज गेल्याचा आहे तसा याचाही आहे.

स्टँडर्ड_रूम:
हे मात्र बरोबर बोललात. प्रोग्राम लिहिताना सेटर शेजारी हवाच. पण गेज मागायचाच तर तीन बिंदूंचा बोअर मायक्रोमीटर मागा. जबड्यांच्या खुणा असतात तिथे एकदा लावा, मग ६० अंश फिरवून परत लावा. दोन आकड्यांत फरक आला की चकचा दाब कमी करा. आणि रिंग जॉबशेजारी अर्धा तास ठेवून मगच सेट करा.

नाइट_सेटर:
खुणा आमच्या जॉबवर नुसत्या डोळ्यांना दिसतात. टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या कोठीत) ५०-६३ रेंजचा एक पडून आहे, कॅलिब्रेशनची तारीख उलटलीय. उद्या सकाळी शिफ्ट सुटली की आधी तो कॅलिब्रेशनला पाठवतो, मग घरी जातो.