जुन्या कीबोर्डचा टचस्क्रीन दगा देतोय. नुसतं वरचं पॅनल बदलून मिळतं का? (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ६१ पट्ट्यांचं जपानी वर्कस्टेशन (आवाज घडवून साठवता येणारा, वाजवायचा कीबोर्ड) आहे, २००१ सालचं. मॉडेल विचाराल म्हणून मागच्या लेबलचा फोटो जोडलाय. २००९ मध्ये मी ते ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका काकांकडून घेतलं. त्यांची बोटं आखडायला लागली तेव्हा त्यांनी ते विकायला काढलं, आणि पैशांपेक्षा "कुणाच्या हातात जाणार" हेच त्यांनी मला चारदा विचारलं. तेव्हापासून भावगीतांचे कार्यक्रम, कोथरूडचा माझा क्लास, सोसायटीचे गणपती, सगळं याच एका वाद्यावर चाललंय.

पट्ट्या उत्तम आहेत, आवाज उत्तम आहे. बिघडलाय तो टच.

सुरुवात मागच्या पावसाळ्यात झाली. स्क्रीनच्या खालच्या कडेला टॅबची जी ओळ असते, तिच्यातले उजवीकडचे दोन टॅब दाबले जाईनात. मग बोट ठेवावं एकीकडे आणि निवडलं जावं डावीकडे दोन बोटं सोडून. कॅलिब्रेशन (कोपरे दाबून स्क्रीनला बोटाची जागा पुन्हा शिकवणं) केलं की दोन दिवस बरं चालायचं. आता कॅलिब्रेशनच पूर्ण होत नाही, दुसरा कोपरा दाबला की ते पुन्हा पहिल्यावर येतं. मशीन वीस-पंचवीस मिनिटं चालू राहून जरा गरम झालं की टच बराच सुधारतो, हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं. चित्र मात्र स्वच्छ आहे, मागचा उजेडही नीट आहे.

आणि गेल्या आठवड्यात हात न लावता स्क्रीनवर आपोआप काहीतरी दाबलं जाऊ लागलं. साउंड सेव्ह करायची खिडकी आपसूक उघडली. "ओके"च्या जागी तसंच भूतबोट पडलं असतं तर काकांचा एक साउंड कायमचा पुसला गेला असता. त्या रात्री मी मशीनचं बटणच बंद केलं.

एका सर्व्हिसवाल्यांकडे नेलं होतं. त्यांनी न उघडताच सांगितलं की पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल, तो पार्ट बंद झालाय, नवीन घ्या. उघडून तरी बघायला हवं होतं असं मला वाटतं. म्हणून इथे विचारते आहे:

चित्र ठीक असताना नुसतं टचचं पॅनल बदलता येतं का? पुण्यात हे काम मनापासून करणारं कुणी आहे का? गणपतीला सहा आठवडे राहिलेत.

प्रतिसाद

ताई, खर्च करण्याआधी एक फुकटातला उपाय करून बघा. स्क्रीनच्या चौकटीची कड आणि काच यांच्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, रांगोळीचे कण, बिस्किटाचा चुरा जाऊन बसतो. वरची फिल्म तिथे सतत दाबलेली राहते आणि मशीनला वाटतं कुणीतरी बोट ठेवलंय. जाड व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापून त्या फटीतून चारही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा. मशीन बंद ठेवून. फवारा मारू नका, ओलावा आत गेला तर दुखणं वाढेल.

प्रतिसाद

वरचं कराच, पण त्याच्याही आधी बॅकअप. मेमरी प्रोटेक्ट (साठवलेलं पुसलं जाऊ न देणारी सेटिंग) चालू आहे का ते पहिलं बघा. मशीन गरम झाल्यावर टच सुधारतो म्हणता ना, तेवढ्या वेळात ते करून टाका. फ्लॉपी ड्राइव्ह चालते का?

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कार्डाची पट्टी फिरवली. खालच्या कडेतून खरंच काळपट मळ निघाला, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढा मेणाचा तुकडा होता. कोजागरीच्या कुठल्यातरी कार्यक्रमातल्या मेणबत्तीचा असणार. भूतबोट थांबलं! दोन दिवस झाले, एकदाही आपोआप काही दाबलं गेलेलं नाही. उजवीकडचे टॅब मात्र अजून मेलेलेच आहेत आणि बोटाची जागाही सरकलेलीच आहे. मेमरी प्रोटेक्ट चालू केलं. फ्लॉपी ड्राइव्ह तीन वर्षांपासून बंद आहे, नुसती घरघरते.

प्रतिसाद

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इतक्या जुन्या मशीनवर वेळ घालवण्यापेक्षा नवीन अरेंजर (तयार साथ वाजवणारा कीबोर्ड) घ्या. तबला-ढोलकीचे तयार ठेके मिळतील, यूएसबी मिळेल, वजन निम्मं होईल.

धागाकर्ती

राग नाही. तुमचा सल्ला व्यवहाराचा आहे, पण मी हे का सोडत नाही ते नीट सांगते, कारण त्याचा दुरुस्तीशीही संबंध आहे.

काकांनी यात स्वरांचे स्वतःचे संच लावून ठेवलेत. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तंबोऱ्याच्या खर्जात कान दिला की जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो ३८६ वर, म्हणजे १४ सेंट खाली. हार्मोनियमवाल्यांना हा वाद नवा नाही. काकांनी बाराही स्वर असे कानाने लावून घेतले, आणि एकच नाही, रागानुसार वेगवेगळे संच केले. यमनला एक, भैरवीला एक. मारव्याच्या संचातला कोमल रिषभ त्यांनी तीन संध्याकाळी बसून लावला होता, मी समोर होते. तंबोरा चालू ठेवायचे, एक सेंट खाली, पुन्हा वर, मग डोळे मिटून नुसते ऐकत बसायचे.

आता अडचण अशी की या संचाचा षड्ज कुठला, हे स्क्रीनवरूनच सांगावं लागतं. या मशीनला बाणांची बटणं नाहीत, आकड्यांची बटणं आणि गोल चकती आहे, पण आधी त्या रकान्यावर बोट ठेवल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. मागच्या कार्यक्रमात पहिले गायक काळी एकचे होते (म्हणजे त्यांचा षड्ज त्या काळ्या पट्टीवर), नंतरच्या बाई काळी पाचच्या. षड्ज बदलायला गेले तर रकाना दाबलाच जाईना. काळी एकवर लावलेला संच काळी पाचवर वाजवला की गंधार हवा त्यापेक्षा चाळीसेक सेंट चढा लागतो. बाईंनी पहिली ओळ घेतली आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी घाईने साधा पियानो लावून वेळ मारून नेली. ते बघणं माझ्या मनातून जात नाही.

नवीन वाद्यात हे सगळं पुन्हा भरता येईल हे मान्य. पण त्यासाठी आधी हे आकडे बाहेर तर आले पाहिजेत! त्यांची नोंद दुसरीकडे कुठेच नाही.

प्रतिसाद

मग फ्लॉपीची आणि स्क्रीनची वाट बघूच नका, मिडीतून (वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या वायरीतून) काढा. तुमचं मशीन सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डंप देतं, म्हणजे आत साठवलेली माहिती त्या वायरीतून बाहेर पाठवतं. पाठवायची आज्ञा स्क्रीनवरून द्यावी लागते हे खरं, पण तीच मागणी कॉम्प्युटरकडूनही पाठवता येते. मिडी इंटरफेस घ्या, आउटची वायर इनला आणि इनची आउटला लावा, आणि मॅन्युअलच्या मागे मिडीचा जो तक्ता असतो त्यातला डंप मागण्याचा संदेश पाठवा. मशीनच्या ग्लोबल सेटिंगमध्ये एक्सक्लुझिव्ह चालू असलं म्हणजे झालं. घाई करू नका, मिडीचा वेग १९८३ पासून तोच आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एक एमबी यायला साडेपाच मिनिटं लागतात. मध्ये पट्ट्यांना हात लावू नका. फाईल आली की परत एकदा मागवा आणि दोन्ही फाईली सारख्या आहेत का ते ताडून बघा.

धागाकर्ती

झालं!! काल रात्री क्लासमधल्या एका मुलाने लॅपटॉप आणला, तो इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या दोन वेळेला काहीच आलं नाही, कारण वायरी उलट लावल्या होत्या. तिसऱ्यांदा आकडे धावायला लागले. दोनदा घेतलं, दोन्ही फाईली तंतोतंत सारख्या. तीन ठिकाणी ठेवल्यात. काकांना फोन केला, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "भैरवीचा पण आला ना?" आला.

आता मशीन उघडायची भीती गेली. कसं उघडू?

प्रतिसाद

मी असले पॅनल बदललेत, जुन्या मशीनरीवरचे. तत्त्व एकच असतं, म्हणून आधी ते सांगतो, म्हणजे तुमचा बिघाड तुम्हालाच सापडेल.

तुमचा टच मोबाईलसारखा नाही. मोबाईलच्या टचला बोटच लागतं, याला दाब लागतो, नखाने दाबलं तरी चालतं. खाली काच, वर प्लास्टिकची फिल्म, दोन्हींच्या आतल्या बाजूला पारदर्शक वीजवाहक थर आणि मधे डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपके, दोन्ही थर एरवी चिकटू नयेत म्हणून. दाबलं की थर टेकतात. मशीन एका थराच्या दोन कडांना व्होल्टेज देतं आणि दुसऱ्या थरावरून वाचतं: मधोमध दाबलं तर निम्मं, कडेला दाबलं तर कमी किंवा जास्त. मग उलट करून दुसरी दिशा. अशा चार वायरी, त्या एका चपट्या शेपटातून बाहेर येतात.

आता बघा, कडेची चांदीच्या शाईची रेघ किंवा शेपटाचा जोड खराब झाला, तर तिथे जास्तीचा रोध येतो. त्याने व्होल्टेजची वाटणीच बिघडते, म्हणून जागा सरकते आणि एक टोक मरतं. गरम झाल्यावर जोड जरा टेकतो, म्हणून सुधारतं. तुमची सगळी लक्षणं तिकडेच बोट दाखवतात.

उघडताना गोधडी अंथरून मशीन उपडं ठेवा, पण जॉयस्टिकच्या बाजूला उशी द्या, नाहीतर वजन तिच्यावर येऊन ती मोडते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा. आणि नीट ऐका: डिस्प्लेच्या मागच्या उजेडाला बारीक ट्यूब आहे, तिच्या इन्व्हर्टरमधून शेकडो व्होल्ट निघतात. प्लग काढून, थोडा वेळ थांबून मगच हात घाला, आणि उघड्या मशीनला वीज देऊन तिथे चाचपू नका.

शेपूट सॉकेटमधून काढताना आधी सॉकेटची बारीक पट्टी उचला, ओढू नका. मग मल्टिमीटर लावा. समोरासमोरच्या कडांच्या दोन जोड्या असतात. प्रत्येक जोडीत काही शे ओहम यायला हवेत आणि आकडा स्थिर हवा. एका थरातून दुसऱ्या थरात, न दाबता, काहीच येता कामा नये.

धागाकर्ती

रविवारी तीन तास घालवून केलं. मल्टिमीटर तपकीर गल्लीतून आणला. आकडे देते:

एक जोडी ४१० ओहम, स्थिर. दुसरी जोडी १८०० च्या आसपास, आणि शेपूट मुळाशी जरा वाकवलं की ९०० वर येते, सोडलं की पुन्हा वर. दोन थरांमध्ये न दाबता काही नाही. टॉर्च तिरपा धरून बघितलं, जिथे शेपूट काचेला चिकटतं तिथली एक रेघ तपकिरी पडली आहे, नखाएवढ्या जागेत. बाकीच्या तिन्ही पांढुरक्या, चकचकीत.

तिथे डाग (सोल्डर) देता येईल का? तपकीर गल्लीतल्या एका दुकानात विचारलं, ते म्हणाले करून देतो.

प्रतिसाद

नाही! कृपा करून देऊ नका. ते तांब्याचं नाही, प्लास्टिकवर छापलेली शाई आहे. सोल्डरिंगचं टोक टेकताच फिल्म आकसेल आणि चारही रेघा जातील. चांदीची वाहक शाई लावून काही महिने निघतात, पण कार्यक्रमात त्याचा भरवसा नको. बिघाड नक्की पॅनलचाच आहे, एलसीडी आणि बोर्ड ठीक आहेत. पॅनल एकटं बदलतं, ते एलसीडीवर फक्त कडेच्या दुहेरी टेपने चिकटवलेलं असतं.

हव्या त्या मॉडेलचं पॅनल शोधत बसू नका, मापाचं शोधा. चार वायरींची रेझिस्टिव्ह पॅनल यंत्रांवरच्या डिस्प्लेंसाठी अजून बनतात. भोसरीकडे कारखान्यांच्या मशीनचे डिस्प्ले दुरुस्त करणारे असतात, त्यांना विचारा. वायरींचा क्रम वेगळा निघाला तर डावं-उजवं उलट होईल, तेवढं आधी मोजून जुळवून घ्या. आणि जुनं पॅनल काढताना कडेने पातळ प्लास्टिक सरकवा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका, खालची एलसीडी तडकते.

धागाकर्ती

डाग रद्द. दुकानदारांना फोन करून नको म्हणून सांगितलं.

मापं घेतली, स्टीलच्या पट्टीने दोनदा. काच बाहेरून १३२ गुणिले १०४ मिलिमीटर, दिसणारा भाग ११८ गुणिले ८९, जाडी दीड मिलिमीटरच्या आत. शेपूट समोरून बघताना उजवीकडे खालच्या कोपऱ्याजवळ, लांबी ६०, रुंदी साडेपाच, चार रेघा. बुधवारी क्लासला सुट्टी आहे, तेव्हा जुनं पॅनल डब्यात घालून भोसरीला जाते आहे.

या मापाचं पॅनल कुणाकडे असेल, किंवा जुनं बंद पडलेलं असं मशीन कुणाच्या माळ्यावर असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शेपूट डावीकडे असलं तरी चालेल, आत जागा आहे, मी बघून ठेवली आहे.