मदत हवी आहे: अस्वलांच्या रानात आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी ओतीव शिशाची कुठली गोळी घ्यावी?

डॅलसकर: शुक्रवारी निघतोय, चार दिवस बॅककंट्रीत. रिव्हॉल्व्हर आहे. ग्रिझली अस्वलासाठी हार्ड कास्ट (कडक ओतीव शिशाची गोळी) घ्या म्हणतात, पण दुकानात दहा प्रकार. गोळीचं वजन १५८ की १८० ग्रेन? पटकन सांगा.

तात्या_मोंटाना: कुठलं रिव्हॉल्व्हर? कॅलिबर? नळी केवढी? जाताय कुठे? पत्रिका दाखवल्याशिवाय मुहूर्त कसा काढायचा?

डॅलसकर: .३५७ मॅग्नम, नळी दोन इंचाला जरा कमी. मोंटानातलं ॲब्सारोका-बेअरटूथचं रान. अजून काय हवंय?

रानभूल: डोळे झाकून १८० ग्रेन, चपट्या नाकाची. होलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी) माणसासाठी ठीक, अस्वलाच्या चरबीत आणि खांद्याच्या हाडात तो फुलून तिथेच थांबू शकतो. ओतीव गोळी आकार न बदलता आत शिरते.

धातुशास्त्री: अर्धवट माहिती. 'हार्ड' म्हणजे किती हार्ड? ब्रिनेल या कडकपणाच्या मापावर निव्वळ शिसं साधारण ५, लायनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचा शिशाचा मिश्रधातू) २२च्या आसपास. फार कडक गोळी हाडावर फुटू शकते. आणि नळीत शिसं चिकटतं ते बहुतेकदा गोळी मऊ म्हणून नाही, मापाला बसत नाही म्हणून. आधी सिलिंडरची भोकं मोजा.

रानभूल: ते शुक्रवारी निघालेत हो, पीएचडीला नाही.

खडूस_काकू: बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) घ्या. विषय संपला.

रानभूल: काकू, वारा उलटा असला की स्प्रे आपल्याच तोंडावर.

खडूस_काकू: आणि हात थरथरत असताना धावत्या अस्वलाला दोन इंची नळीने तुम्ही टिपणार? दिवाळीत टिकल्या तरी नीट वाजवल्यात का कधी?

मेळघाटी: अवांतर: आमच्याकडे मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला जाताना घोळक्याने, मोठ्याने बोलत जातात. अस्वलाला माणूस अचानक समोर दिसला की ते अंगावर येतं.

तात्या_मोंटाना: अवांतर नाही, तोच पहिला इलाज. डॅलसकर, वजन किती त्या रिव्हॉल्व्हरचं? नळीवर काही कोरलंय?

डॅलसकर: एकदम हलकं, टायटॅनियमचं सिलिंडर. १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी नको असं कोरलंय. म्हणजे १८० चालेल ना?

तात्या_मोंटाना: इथेच गोची आहे. इतक्या हलक्या हत्यारात झटका जबर. सिलिंडरमध्ये उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या त्या झटक्याने पुढे सरकतात. साध्या शिशाच्या गुळगुळीत, त्या जास्तच. नाक सिलिंडरबाहेर आलं की सिलिंडर फिरतच नाही. माझं चौथ्या बाराला अडकलं होतं, रेंजवर होतो म्हणून हसू आलं. पाच काडतुसं भरा, पाचव्यावर मार्करने खूण करा, चार उडवा, मग पाचव्याची लांबी कॅलिपरने पुन्हा मोजा. वाढली असेल तर तो डबा बाद. शिवाय एवढ्याशा नळीत वेग घटतो, उरतो जाळ आणि आवाज. स्टीलचं, चार इंची नळीचं नाही का मिळत?

डॅलसकर: हेच आहे. शेजाऱ्याने दिलंय चार दिवसांपुरतं.

एचवन_ते_ग्रीनकार्ड: एक मिनिट. शेजाऱ्याने? तुमचा व्हिसा कुठला?

डॅलसकर: एच-१बी. त्याचा काय संबंध?

एचवन_ते_ग्रीनकार्ड: संबंधच तेवढा आहे! एच-१बीसारख्या नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं फेडरल गुन्हा आहे, उसनंसुद्धा. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय हातही लावू नका, आणि शेजाऱ्यालाही अडकवू नका.

धातुशास्त्री: तरीही ब्रिनेल १५च्या आसपास…

खडूस_काकू: अहो, पुरे!

डॅलसकर: शेजाऱ्याला फोन केला, तो घेऊन गेला. काकू, तुमचंच खरं. स्प्रेचा डबा आजच घेतो. चेक-इन बॅगेत चालतो ना?

खडूस_काकू: नाही. केबिनमध्येही नाही. बोझमनला उतरून घ्या, आणि झिपलॉक पिशवीत पाठीवर ठेवू नका, पट्ट्याला लावा.