९ एमएमची गोळी: जॅकेटवाली जास्त आत जाते की हॉलो पॉइंट?

प्रश्न:
पिस्तूल एकच, बॅरल तेच, मग नुसती गोळी बदलली की एवढा फरक कसा काय पडतो? ११५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) हलकी आणि फास्ट, १४७ जड आणि स्लो, तर जास्त आत कोण जाणार? मला वाटायचं फास्टवाली, पण सगळे उलटंच सांगतात.

उत्तर १:
वेगापेक्षा गोळीचा आकार बदलतो की नाही ते आधी बघा. फुल मेटल जॅकेट, म्हणजे कडक धातूचं आवरण असलेली जॅकेटवाली, फुलत नाही, त्यामुळे टेस्टच्या जिलेटिनमध्ये (मांसाच्या जागी वापरतात तो मऊ पदार्थ) २४ इंचाच्याही पुढे सहज जाते, आणि टोकाला खळगा असलेल्या हॉलो पॉइंटचं तोंड फुलासारखं उघडतं, व्यास साधारण दीडपट होतो आणि तोच ब्रेक लागतो. एफबीआयने १९८६ च्या मायामी गोळीबारानंतर टेस्ट पद्धत बसवली, १० टक्के जिलेटिनमध्ये गोळी १२ ते १८ इंच आत गेली पाहिजे. कमी गेली तरी नको, आरपार गेली तरी नको.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण हॉलो पॉइंट दरवेळी उघडतेच असं नाही हो! जाड डेनिम किंवा प्लास्टरबोर्डमधून गेली की खळग्यात बोळा बसतो, मग ती जॅकेटवालीसारखीच सरळ आरपार. म्हणून भिंतीपलीकडे कोण आहे ते हॉलो पॉइंट भरली तरी बघायलाच लागतं, हे मी तळमळीने सांगतोय. आणि छोट्या बॅरलमधून वेग कमी मिळतो, तेव्हाही नीट फुलत नाही.

प्रश्नकर्ता:
अच्छा, म्हणजे हलकी फास्ट हॉलो पॉइंट लवकर फुलते म्हणून लवकर थांबते. आता कळलं.