हायवे गस्तीच्या नवीन पोरांना ट्रेनिंगमध्ये आधी काय शिकवायचं?

गस्तवाला:
नमस्कार मंडळी, रोडसाइड असिस्टन्सच्या गस्ती गाड्यांवर सुपरवायझर आहे. नवीन बॅच येतीये, बहुतेक पोरं गॅरेजमधली, स्टेपनी बदलणं, जंपर लावणं, टोइंगचा हुक अडकवणं हे त्यांना डोळे झाकून जमतं, पण बाजूने ट्रक सुसाट जात असताना रस्त्यावर उभं कसं राहायचं हे कुणीच शिकवलेलं नाहीये. ट्रेनिंग म्हणजे काय तर स्लाइड्स, जॅकेट वाटप, रजिस्टरवर सही आणि लगेच शिफ्टला. मला ते अजिबात पटत नाही. मैदानात गाड्या उभ्या करून सराव घ्यायचा विचार आहे. सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवू? आणि ट्रॅफिकच्या बाजूचं चाक पंक्चर असेल तर तुमच्याकडे काय नियम आहे?

जुना_टोइंगवाला:
गस्ती गाडी लावण्यावर आणि कोन (रस्त्यावर ठेवायचे ते इशाऱ्याचे शंकू) मांडण्यावर घालवा दादा, बाकी सगळं नंतर. 100 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते, ड्रायव्हरला बघून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला तरी 40 मीटर आधीच गेले आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला वर अजून 50-60 मीटर, म्हणजे मागे दहा पावलांवर ठेवलेला कोन नुसता शोभेचा. हे पोरांना आकड्यात सांगू नका, मैदानात 100 मीटर चालायला लावा म्हणजे अंतर अंगात बसतं. वळण किंवा चढ असेल तर कोन त्याच्या अलीकडे पाहिजेत, नाहीतर मागच्याला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गस्ती गाडी बंद गाडीच्या मागे, मधे चांगली जागा सोडून. पुढची चाकं रस्त्यापासून बाहेरच्या बाजूला वळवलेली, म्हणजे मागून कुणी ठोकलंच तर ती ढकलली जाऊन काम करणाऱ्यावर येण्याची शक्यता कमी. तिच्यात कुणी बसून राहायचं नाही आणि दोन गाड्यांच्या मधे उभं राहायचं नाही, तिथे पाय अडकले तर संपलं. कोन मांडताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असतं, पण गोळा करून परत येताना पाठ होते, म्हणून तेव्हा दुसऱ्याने नुसती नजर ठेवायची, हातात पाना नाही, फोन नाही.

ट्रॅफिकच्या बाजूचं चाक आमच्याकडे लेन बंद झाल्याशिवाय बदलतच नाही. गाडी हळू सरकवून सुरक्षित जागी न्यायची, तसं होत नसेल तर फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवायचा. रिम खराब झाली तर होऊ दे.

नाइट_शिफ्ट:
वरच्या दादांशी सहमत. जॅकेटबद्दल थोडं सांगते कारण यावर सगळे गाफील असतात. तो भडक पिवळा-नारिंगी रंग दिवसा कामाचा, अंधारात काम करते ती चंदेरी पट्टी, आणि तीही हेडलाइट तिच्यावर पडला तरच चमकते. ग्रीस लागून काळी पडली किंवा धुवून धुवून गेली की जॅकेट असून नसल्यासारखं. शिवाय बॉनेटमधे वाकलं की छातीवरची पट्टी लपते, म्हणून पँटच्या पायावरही पट्ट्या हव्यात. हलणारे हातपाय दिसले की ड्रायव्हरला हा माणूस आहे हे लवकर कळतं, नुसता चमकणारा ठिपका बघून कळत नाही.

आणि दिवे जास्त म्हणजे सेफ्टी जास्त असं नाही हो! रात्री गस्ती गाडीवरचे सगळे बीकन (चमकणारे इशाऱ्याचे दिवे) फुल लावले की मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि गाडीशेजारी उभा असलेला आपलाच माणूस त्याला दिसत नाही. मैदानात रात्री एकदा पोरांना लांबून ड्रायव्हरच्या सीटवरून बघायला लावा, सांगायची गरजच उरणार नाही.

वायरिंगताई:
इलेक्ट्रिक गाड्यांचं वेगळं सेशन ठेवा प्लीज. आवाज नाही म्हणजे बंद आहे असं समजायचं नाही, नारिंगी केबलला (ती हाय व्होल्टेजची असते) हात लावायचा नाही, आणि मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरत ठेवून गाडी ओढायची नाही, फ्लॅटबेडच. ठोकलेल्या गाडीच्या बॅटरीची आग विझल्यासारखी वाटली तरी बॅटरी कित्येक तासांनी परत पेटू शकते, त्यामुळे यार्डात ती गाडी इतर गाड्यांपासून लांब.

गस्तवाला:
खूप आभार सगळ्यांचे, मैदानाचा प्लॅन बदलतोय. एक अडचण राहिली. चाक बदलणार नाही म्हटलं की गाडीवाला चिडतो, लहान मुलं सोबत असतात, आणि आमच्याकडे वरून विचारतात की किती मिनिटांत मोकळं केलं. पोरगं नवीन असलं की दबावाला बळी पडतं.

जुना_टोइंगवाला:
मग आधी फॅमिलीला बघायचं. ट्रॅफिक नसलेल्या बाजूने उतरवून क्रॅश बॅरियरच्या (रस्त्याकडेच्या कठड्याच्या) पलीकडे, आणि गाडीच्या पुढे नाही, थोडं मागे, जिकडून ट्रॅफिक येतंय त्या बाजूला, कारण धडक बसली की गाडी पुढे फेकली जाते. माणसं सुरक्षित उभी राहिली की त्यांचा आवाजही खाली येतो, हा माझा अनुभव.

पोरांना बोलायचं वाक्य पाठ करून द्या, "साहेब, इथे चाक काढलं तर तुमचा आणि माझा दोघांचा जीव धोक्यात आहे, गाडी पुढे नेऊन लगेच करून देतो." एकाने चिडलेला गाडीवाला व्हायचं, दुसऱ्याने हे बोलायचं, असा सराव घ्या. आणि वरच्यांकडून लेखी घ्या की जागा धोक्याची म्हणून काम थांबवलं तर त्या कॉलचे मिनिट मोजले जाणार नाहीत. ते लेखी हातात आल्याशिवाय बॅच रस्त्यावर पाठवू नका.