मदत हवी आहे: पांघरलेली चादर ‘अंगावर घातलेली’ धरायची का?

मंडळी, आम्ही जुळे सोलापुरात दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत खेळायचा कथाखेळ) खेळतो, २०१४ च्या नियमांनी. माझ्या बहिणीचं पात्र, म्हणजे तिची रेंजर (रानात वावरणारी लढवय्यी), ० हिट पॉइंटवर (जीवशक्ती संपून) बेशुद्ध. आम्हीच तिला चादरीखाली लपवलं होतं. एक डेथ सेव्ह (पात्र जगतं की मरतं हे ठरवणारा फासा) आधीच फेल. तेवढ्यात फायरबॉल (आगीच्या स्फोटाचा मंत्र) पडला, दुसरा फेल. नियम म्हणतो, अंगावर घातलेल्या किंवा जवळ बाळगलेल्या वस्तू सोडून जळण्यासारखं सगळं पेटतं. डीएम (खेळ चालवणारा आणि निर्णय देणारा) म्हणतो चादर नुसती वर टाकलेली, म्हणजे पेटली. त्या चटक्याने तिसरा फेल, रेंजर गेली. मला हे पटत नाही. झोपताना पांघरलेली चादर अंगावरच असते ना? दीड वर्ष जपलेलं पात्र आहे, बहीण कॅरेक्टर शीटची घडी हातात घेऊन गप्प बसलीय. तुम्ही काय धराल? रविवारच्या आत सांगा, प्लीज.