बेसबॉलपटू बॅरी बाँड्सचे ७६२ होमरन खरे मानायचे काय?

फोंडेकर: भावामुळे बेसबॉलचं वेड लागलं, इथे फोंड्यात बोलायला कोण नाही म्हणून विचारतो. करिअरमधल्या होमरनचा (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) रेकॉर्ड बाँड्सचा, पण त्याच्यावर स्टेरॉइड (ताकद वाढवणारं औषध) घेतल्याचा आरोप आहे. १९९८ ला ७० होमरन मारणाऱ्या मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं, तेव्हापासून ते जुने व्हिडिओ बघवतच नाहीत.

म्हापसेकर: माझ्यासाठी रेकॉर्ड बाँड्सच्या आधीच्या हँक आरनचाच, ७५५ होमरनचा. धमक्यांची पत्रं येत असताना खेळला हो तो!

डिचोलीकर: खेळाडूंनाच का झोडता, मेजर लीगची (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) २००३ ची स्टेरॉइड टेस्ट नुसती सर्व्हेसाठी होती, पॉझिटिव्ह आला तरी शिक्षा नाही, स्टेडियम भरत होती मग टीमचे मालक कशाला बोलतील.

फोंडेकर: पटलं. पण जो क्लीन राहिला आणि खालच्या मायनर लीगमध्येच सडला त्याची भरपाई कोण करणार?