पाळलेला बैल मेल्याचं स्वप्न सारखं पडतंय, काय समजायचं?

नमस्कार मंडळी. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितेय. घरी कोरडवाहू शेती, कपाशी-सोयाबीन, अन् दावणीला एकच बैल, सर्जा. त्याचा जोडीदार २०२२ च्या लम्पीत गेला. अंगभर गाठी, पाय सुजलेले, बसला तो उठलाच नाही. आता वखरणी ट्रॅक्टरनं होते, सर्जा नुसता बसून खातो. पोरं त्याला विकू देत नाहीत.

पाऊस लागल्यापासून मला एकच स्वप्न पडतंय. मी ढेप घेऊन गोठ्यात जाते, सर्जा आडवा पडलेला, पण गळ्यातली घुंगरमाळ वाजतच असते. तेवढ्यात जाग येते. टॉर्च घेऊन जाऊन पाहते तर हा निवांत रवंथ करतोय, वर माझ्याकडेच टकामका बघतो.

सासूबाई म्हणाल्या, "पहाटचं सपन हाय, खरं होते. उतारा टाक." शेजारच्या काकू म्हणतात, सपनात मेलेलं दिसलं की आयुष्य वाढते. दोघी एकाच ओट्यावर बसून! यांचं तिसरंच, मरायच्या आधी विकून टाकू. घेणार कोण? २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हाताऱ्या बैलाला बाजारात कोणी विचारत नाही. जो विचारतो त्याच्या हाती दावं द्यायची माझी हिंमत नाही.

मला विचारायचंय ते असं: जनावरात काही बारीक बदल झाला, तो डोळ्यांनी टिपला पण ध्यानात आला नाही, अन् तोच स्वप्नात आला, असं होऊ शकतं का? झोप मोडते, मग दिवसा निंदणात डोळे मिटतात.

प्रतिसाद: ताई, झोपेचे फेरे साधारण दीड-दीड तासाचे असतात. त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात असा एक टप्पा येतो. ठसठशीत स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. शिकागोच्या संशोधकांनी १९५३ मध्ये तो नोंदवला. रात्र सरते तसा हा टप्पा लांबत जातो, म्हणून पहाटे स्वप्नं जास्त, अन् लगेच जाग आली की ध्यानातही राहतात. मध्यरात्रीची आपण विसरतो. मग एखादं खरं ठरलं तर ते पहाटेचंच निघणार ना! दुसरं म्हणजे पाऊस. लम्पी माशा, डास, गोचिडांमुळे पसरतो. पाऊस लागला की तुमच्या मनात तो बैल पुन्हा आजारी पडत असेल. मनी वसे ते स्वप्नी दिसे.

प्रतिसाद: वहिनी, तुमचा शेवटचा प्रश्न मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. रोज धार काढणाऱ्या, चारा टाकणाऱ्या बाईला डॉक्टरच्या आधी कळतं. तेव्हा एकदा नीट बघाच. कुटार उष्टं ठेवतो का, रवंथ कमी झालं का, नाक कोरडं पडलं का. ताप गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजा. १०१-१०२ असेल तर ठीक, १०३ च्या वर गेला तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. लम्पीची लस दरवर्षी लागते. फऱ्या-घटसर्प या गुरांच्या रोगांची पावसाळ्याआधीच घ्यायची असते, राहिली असेल तर दवाखान्यात विचारा. संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाचा धूर करा.

धागाकर्ती: आभारी आहे दोघांची. ताप आज पाहिला, १०१. सोमवारी दवाखान्यात लशीचं विचारते. पण उताऱ्याचं काय? सासूबाई ऐकत नाहीत.

प्रतिसाद: टाका की. बुढीचं मन राहते. फक्त लस आधी.